वेगवान गाडी कडकच असावी लागते का?

१. कंबरेचा प्रश्न

वेगवान हॅचबॅकवर नजर ठेवून असलेल्या माणसाची पहिली शंका कंबरेची असते. पॉवर भरपूर, दिसायला देखणी, चालवायला मजा येणारच. पण रोज ह्याच गाडीने ऑफिसला जायचं, मुलांना क्लासला सोडायचं आणि सणासुदीला आईवडिलांना घेऊन गावी जायचं, तर हाडं खिळखिळी होतील त्याचं काय? शंका रास्त आहे. मात्र तिच्या पोटात एक समजूत दडलेली असते. वेग आणि आराम यांचं वाकडं आहे, एक वाढवायचा तर दुसरा कमी करावाच लागतो, अशी ती समजूत. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिचा खरा अर्धा भाग गुळगुळीत रेसट्रॅकला जितका लागू पडतो तितका आपल्या रस्त्यांना पडत नाही, असं मला या प्रकरणात दाखवायचं आहे. खराब रस्त्यावर गाडीला वेगात सांभाळणारी आणि आत बसलेल्यांना सुखरूप ठेवणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच असते.

आधी ‘हॉट हॅच’ म्हणजे काय ते पाहू. मागे डिकीच्या जागी वर उघडणारं पाचवं दार असलेली, घरगुती वापराची छोटी गाडी म्हणजे हॅचबॅक. कंपनी त्याच गाडीत मोठं किंवा टर्बोचं इंजिन बसवते, ब्रेक वाढवते, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलते, थोडे रुंद टायर देते, आणि बाकीची गाडी तशीच ठेवते: तेवढ्याच सीट, तेवढंच सामान, पार्किंगलाही तेवढीच जागा. स्पोर्ट्स कारसारखी ती वेगळी जातकुळी नाही. म्हणून तिच्याकडून अपेक्षाही दुहेरी असते. रविवारी घाटात ती मन रमवेल आणि सोमवारी सकाळी तक्रार न करता ऑफिसला नेईल, ह्या बोलीवरच ती विकली जाते.

२. पहिल्याच गाडीला सौम्य करावं लागलं

हा प्रकार लोकप्रिय केला तो फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. १९७३च्या सुमारास जर्मनीत त्या कंपनीतले काही इंजिनिअर नेमून दिलेल्या कामाच्या बाहेर, जवळजवळ चोरून, एका खेळकर गाडीच्या मागे लागले होते. आल्फोन्स लोवेनबर्ग हे त्यांच्यातलं प्रमुख नाव. त्यांचा सुरुवातीचा नमुना जमिनीला टेकेल इतका खाली बसवलेला, कडक आणि कर्कश होता, आणि वरिष्ठांना तो मुळीच रुचला नाही. मग सस्पेन्शन नरमावलं, आवाज कमी केला, आणि रोज चालवता येईल अशी गाडी उभी राहिली. तिला मंजुरी मिळाली. सप्टेंबर १९७५मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९७६मध्ये विक्रीला गेली. १,५८८ सीसीचं इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन जेमतेम ८००-८२५ किलो, कमाल वेग ताशी १८२ किलोमीटर. आतल्या चौकड्यांच्या सीट आणि गिअरच्या दांड्यावरची गोल्फच्या चेंडूची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांची कल्पना. कंपनीने ५,००० गाड्या खपतील असा हिशेब धरला होता; पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या.

हा इतिहास नुसता रंजक म्हणून सांगितलेला नाही. कडक नमुना नापास झाला आणि नरमावलेला नमुना यशस्वी झाला, ही ह्या जातीच्या गाड्यांची जन्मकथा आहे. आणखी एक बारकावा बघण्यासारखा आहे: त्या गाडीचे टायर १७५/७० आर १३ मापाचे होते. आज साध्या फॅमिली गाडीलाही त्याहून रुंद आणि चपटे टायर येतात. ह्या आकड्याकडे पुढे परत यायचं आहे.

३. स्प्रिंगचा ठेका

गाडी आरामदायी आहे की नाही हे ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे स्प्रिंगवर तोललेली बॉडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते. घरातला झोपाळा आठवा. त्याला एक ठेका असतो. हळू ढकला की जोरात, एका फेरीला वेळ जवळपास तेवढाच लागतो. ठेक्यात ढकललं तर थोड्या जोरानेही झोका मोठा होत जातो, आणि कोणी पाय जमिनीला घासला तर दोन फेऱ्यांत थांबतो. गाडीचंही तसंच. स्प्रिंग जितकी मऊ आणि वरचं वजन जितकं जास्त, तितका ठेका संथ. रस्त्याचे चढउतार नेमके त्या ठेक्यात आले तर गाडी डुलायला लागते. पाय घासण्याचं काम करतो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्याच्याकडे नंतर येऊ.

हा ठेका काढायची सोपी युक्ती आहे. गाडीचं वजन पडल्यावर स्प्रिंगमुळे चाकापाशी किती सेंटीमीटर दाब बसला ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने ५ला भागा. येणारं उत्तर म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. दाब २५ सेंटीमीटरचा असेल तर वर्गमूळ ५, म्हणजे सेकंदाला एक हेलकावा. ही आलिशान, पोहत चालणारी गाडी. १६ सेंटीमीटरला सव्वा, ही बहुतेक घरगुती गाड्यांची जागा. ११ सेंटीमीटरला दीड, आणि सव्वासहाला दोन. वेगवान हॅचबॅक साधारण दीडच्या आसपास घुटमळतात, काही दोनकडे सरकतात.

आता माणसाच्या शरीराकडे बघू. बसलेल्या माणसाला वरखाली होणारा हादरा सर्वांत जास्त जाचतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारा; पोट, छाती आणि पाठीचा कणा ह्या पट्ट्यात थरथरतात. दुसऱ्या टोकाला, सेकंदाला अर्ध्याहून कमी वेळा होणारं संथ डुलणं पोटात ढवळून काढतं. आपण ज्याला गाडी लागणं म्हणतो त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. चालताना आपण सेकंदाला सुमारे दोन पावलं टाकतो आणि दर पावलाला डोकं वरखाली होतं. म्हणजे दीड ते दोनच्या ठेक्याची शरीराला चालायला लागल्यापासून सवय असते. त्यामुळे एकच्या जागी दीडची स्प्रिंग लावली म्हणून प्रवास असह्य होतो असं म्हणायला आधार नाही. छळणारे हादरे येतात ते चारच्या वरचे, आणि ते बहुतेक वेळा स्प्रिंगमधून येतच नाहीत. ते चपट्या टायरमधून, जड चाकामधून, घट्ट बसवलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून आणि टोकाला आपटणाऱ्या रबरातून येतात. कडकपणाचा दोष लोक स्प्रिंगला देतात. माझ्या मते पत्ता चुकतो.

एक उदाहरण हॅचबॅकवाल्यांनी ध्यानात ठेवावं. इंजिन पुढे असल्याने हॅचबॅकचा मागचा भाग हलका असतो, पण मागची स्प्रिंग चार माणसं आणि डिकीभर सामानासाठी बनवावी लागते. समजा रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर ४०० किलो आहेत आणि भरल्यावर ६५० होतात. ठेका वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून रिकाम्या गाडीत मागचा ठेका १.९ असेल तर भरलेल्या गाडीत तो १.५पर्यंत उतरतो. ‘गाडी भरली की बरी चालते’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं; त्याचं गणित हे असं आहे. आणि एकट्याने टेस्ट ड्राइव्ह घेऊन ‘मागून उडते’ असा शिक्का मारणाऱ्याने निम्मीच गाडी पाहिलेली असते, हेही त्यातूनच निघतं.

४. शॉकअप काय करतो

गॅरेजच्या भाषेत ज्याला शॉकअप म्हणतात त्याच्या नावाने बराच गैरसमज पसरवला आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप स्प्रिंगच्या हालचालीला लगाम घालतो. तेलाने भरलेल्या नळीत छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो, छिद्रांतून तेल ढकलायला जोर लागतो आणि त्यात हेलकाव्याची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. दट्ट्या जितका जोरात सरकेल तितका विरोध जास्त. सगळी मेख इथे आहे, कारण दट्ट्याला दोन अगदी वेगळी कामं करायची असतात. गाडी वळणावर कलते किंवा ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते तेव्हा तो हळू सरकतो, आणि तिथे भरपूर विरोध हवा. चाक खड्ड्याच्या काठावर आदळतं तेव्हा तो झपकन सरकतो, आणि तिथे विरोध मर्यादेत राहायला हवा, नाहीतर तो सगळा जोर सरळ बॉडीत आणि तिथून आपल्या पाठीत जातो.

‘झपकन’ म्हणजे किती, ते स्पीड ब्रेकरवर मोजता येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, सुमारे १७ मीटर त्रिज्येचा उंचवटा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. तेव्हा चाक असा उंचवटा चढून उतरायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतं, आणि स्प्रिंगला श्वास घ्यायला सवड मिळते. आता गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी रातोरात घातलेला, १० सेंटीमीटरच उंच पण अर्धा मीटर रुंद असा ब्रेकर घ्या. त्याच वेगाने चाकाला १० सेंटीमीटर वर जायला सेकंदाचा फक्त अठ्ठाविसावा भाग मिळतो. म्हणजे वर उचलण्याचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या घरात. कुठलीही गाडी इथे आपटणारच. फरक असा की चांगल्या शॉकअपमधल्या झडपा इतक्या वेगाला उघडून तेलाला वाट देतात, आणि स्वस्तातला शॉकअप तिथे खुंट्यासारखा उभा राहतो. दोन्ही गाड्यांचं माहितीपत्रक वाचलंत तर सस्पेन्शनच्या रकान्यात एकच ओळ सापडेल.

म्हणून वेगवान हॅचबॅकमध्ये पैसा कुठे गेला आहे हे पाहायचं असेल तर इंजिनाइतकंच ह्या नळ्यांकडे पाहावं. २००८पासून फोक्सवॅगन आपल्या गाड्यांत विजेवर झडपा बदलणारे शॉकअप देऊ लागली. गाडीतले सेन्सर बॉडी आणि चाकं कशी हलताहेत ते पाहतात, आणि तेलाची वाट रुंद किंवा अरुंद केली जाते. आधी हे तंत्र महागड्या सेडानचं भूषण होतं. आता युरोपातल्या बऱ्याच हॉट हॅचमध्ये ते एकतर येतं किंवा वरचे पैसे भरून मिळतं.

५. रस्ता सोडायचा नाही

आता मूळ मुद्दा. गाडी वेगात वळते, थांबते, पळते ती चार टायरांच्या पकडीवर, आणि पकड मिळते टायरवरच्या भारातून. भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या टायरवर सतत ३०० किलो भार आहे तो, १०० आणि ५००मध्ये हिंदकळणाऱ्या टायरपेक्षा एकूण जास्त पकड देतो, जरी दोघांची सरासरी ३००च असली. खडबडीत रस्त्यावर कडक सस्पेन्शनचं चाक उंचवट्यावरून उडतं. हवेत असेपर्यंत त्याची पकड शून्य. पुढच्या दोन चाकांवर अडीचशे अश्वशक्ती टाकणाऱ्या गाडीत तर ते हवेतल्या हवेत फिरतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा गळा आवळतो. मऊपणे खाली-वर होत रस्त्याला चिकटून राहणारं चाक मात्र काम करत राहतं. आरामासाठी बॉडी स्थिर हवी, पकडीसाठी चाकावरचा भार स्थिर हवा. ह्या दोन मागण्या शंभर टक्के एक नाहीत, आणि गुळगुळीत ट्रॅकवर त्यांचा खटकाही उडतो; पण उखडलेल्या डांबरावर त्यांचा बराच मोठा भाग एकमेकांवर बसतो.

पुरावा रेसच्या जगातूनच मिळतो. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा उत्तर ट्रॅक २० किलोमीटरहून लांब, चढउताराचा आणि बराच उंचसखल आहे. होंडाने २०१५च्या सिव्हिक टाइप आरचा तिथला वेळ ७ मिनिटं ५० सेकंदांहून किंचित जास्त सांगितला. ती गाडी कडकपणासाठी बदनाम होती, आणि तिची मागची चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली होती. २०१७च्या पिढीत होंडाने मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र दुव्यांचं सस्पेन्शन दिलं, शॉकअपला एक आरामाचा मोड दिला, आणि रोज चालवायला ती गाडी कितीतरी सुसह्य झाली. वेळ उतरला ७ मिनिटं ४३.८ सेकंदांवर. सगळं श्रेय सस्पेन्शनला देता येणार नाही. १० अश्वशक्ती वाढल्या होत्या, चाकांमधलं अंतर वाढलं होतं, हवेला कापणारी बॉडी बदलली होती. पण सुसह्य केल्याने गाडी मंदावते हे मात्र त्यातून निघत नाही, आणि इथे वादाचा विषय तेवढाच आहे.

दुसरा पुरावा फ्रान्सचा आहे आणि तो मला जास्त बोलका वाटतो. सस्पेन्शन पूर्ण दबलं की शेवटी एका रबरी ठोकळ्यावर आदळतं. गाडी आपटल्याचा ‘धाड’ आवाज बऱ्याचदा तिथूनच येतो. रेनोने २०१८च्या मेगान आरएसमध्ये त्या ठोकळ्याच्या जागी शॉकअपच्या आतच तेलाचा दुसरा छोटा दट्ट्या बसवला. शेवटच्या टप्प्यात तो वेग हळूहळू जिरवतो. कल्पना रॅलीच्या गाड्यांमधली. त्याच सुमारास सिट्रॉएनने अगदी त्याच जातीची युक्ती सी५ एअरक्रॉसमध्ये घातली आणि आरामाची गादी म्हणून तिची जाहिरात केली. ही सिट्रॉएन २०२१मध्ये भारतातही आली. एक कंपनी जे वेगासाठी विकत होती तेच दुसरी आरामासाठी विकत होती, आणि खोटं दोघींपैकी कोणीच बोलत नव्हती.

मग कंपन्या वेगवान गाड्या विनाकारण कडक का करतात, असं कोणी विचारेल. काही कारणं प्रामाणिक आहेत. जर्मनीतले रस्ते बरे आहेत आणि तिथला ग्राहक ताशी २०० किलोमीटरने जाऊ शकतो. त्या वेगाला हेलकावा आवळावाच लागतो. काही कारणं दुकानदारीची आहेत. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कडकपणा ‘स्पोर्टी’ म्हणून खपतो आणि त्यातला खर्च शून्य असतो. उलट झडपांवर महिनोन्महिने घासून काम करणं महाग, आणि ते फोटोत दिसत नाही.

६. टायर, आणि इथे हार मान्य

टायरच्या मापातला दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. १७५/७०ला टायरची बाजूची भिंत १७५च्या ७० टक्के, म्हणजे सुमारे १२२ मिलिमीटर. आजच्या हॉट हॅचला सर्रास दिसणाऱ्या २२५/४० आर १८ला ती ९० मिलिमीटर, आणि २३५/३५ आर १९ला ८२. चाकाचा रिम मोठा झाला, भिंत पातळ झाली. ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग. बारीक खडी, पेव्हर ब्लॉकच्या फटी, पुलाचे सांधे यांचा झटका तिथेच मुरायला हवा, कारण इतक्या झटपट हादऱ्यांना वरचं सस्पेन्शन पुरं पडत नाही. शिवाय मोठा रिम बहुधा जड असतो, आणि चाक जितकं जड तितकं ते उंचवट्यावरून खाली यायला उशीर करतं. वर पाणी साचून खोली न दिसणाऱ्या खड्ड्यात ८२ मिलिमीटरची भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटते. टायर फुटतो किंवा फुगा येतो, रिम वाकतो.

ह्या मुद्द्यावर शंका घेणाऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. कितीही हुशार शॉकअप लावला तरी चपट्या टायरची भरपाई होत नाही, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्रातल्या रस्त्यांना १९ इंची चाकं सोसत नाहीत. पण दोष हॉट हॅच ह्या कल्पनेचा नाही, चाकांच्या फॅशनचा आहे. होंडानेही २०१७च्या टाइप आरला दिलेली २० इंची चाकं २०२२च्या पिढीत १९वर आणली. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनलेली आणि २०१५मध्ये आलेली फियाट अबार्थ पुंटो: १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि टायर मात्र १९५/५५ आर १६, म्हणजे १०७ मिलिमीटरची भिंत. ह्या गाडीला ग्राहक फारसे मिळाले नाहीत हे खरं. पण तिच्या मापात आपल्या रस्त्यांसाठीचं योग्य उत्तर होतं असं मला वाटतं.

७. उरलेला आठवडा

रोजच्या वापरात आरामाइतकंच महत्त्व सहजतेला असतं, आणि इथे आजची हॉट हॅच तिच्या आजीला मागे टाकते. १९७६च्या जीटीआयचे ११० अश्व इंजिन सहा हजार फेऱ्यांवर ताणल्यावर एकत्र येत. आजच्या गोल्फ जीटीआयचं दोन लिटरचं टर्बो इंजिन १,६०० फेऱ्यांवरच ३७० न्यूटन-मीटरचा पिळा, म्हणजे टॉर्क देतं. पिळ्याला फेऱ्यांनी गुणलं की ताकद मिळते. हा गुणाकार सुमारे ८४ अश्वशक्ती येतो. आपल्या नेहमीच्या १.२ लिटरच्या हॅचबॅकचं इंजिन पार शेवटपर्यंत रेटल्यावर एवढी ताकद देतं. इथे ती आयत्या हातात येते, गाडी जेमतेम पेंगत असताना. घाटात एसटी किंवा ट्रकला ओलांडताना, हायवेला मिसळताना किंवा भरल्या गाडीत एसी चालू ठेवून चढ चढताना ह्या राखीव ताकदीचा उपयोग वेगासाठी कमी आणि मनःशांतीसाठी जास्त होतो. उलट्या बाजूच्या लेनमध्ये आपण जितका वेळ कमी असू तितकं बरं.

जागेचं म्हणाल तर गोल्फ ४.३ मीटरच्या आतली, क्रेटापेक्षा थोडी आखूडच, आणि डिकी पावणेचारशे लिटरच्या आसपास. अडचण पैशाची. मे २०२५मध्ये ही गाडी भारतात पूर्ण आयात होऊन आली ती ५३ लाखांना, आणि तेही एक्स-शोरूम. त्याच कंपनीची पोलो २०२२पर्यंत चाकणला बनत होती. इथे बनणाऱ्या वेगवान हॅचबॅक चार मीटरच्या आत आणि १,२०० सीसीच्या आत राहतात, कारण करही तिथेच बदलतो: सप्टेंबर २०२५पासून ह्या मर्यादेतल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी, तिच्या बाहेर ४० टक्के. ह्युंदाईची आय२० एन लाइन आणि टाटाची २०२४ची अल्ट्रोझ रेसर दोन्ही छोट्या टर्बो इंजिनांतून १२० अश्वशक्ती काढतात ते ह्याच चौकटीत. युरोपी मापाने त्यांना ‘कोमट’ म्हणावं लागेल. पण टायर बेताचे, वजन कमी आणि खिशाला झेपणाऱ्या, म्हणून रोजच्या वापराला त्याच जास्त समंजस आहेत.

८. एसयूव्हीवाल्यांचं म्हणणं

‘एवढ्या पैशात उंच एसयूव्ही घ्यावी, खड्डे तरी कळणार नाहीत’ हा आक्षेप सर्वांत जोरकस आहे आणि त्यात तथ्य आहे. चाकाला खाली-वर व्हायला जास्त जागा, जाड टायर, भरपूर ग्राउंड क्लिअरन्स ह्यांना खोल खड्ड्यापुढे उत्तर नाही. वाट रोजच कच्ची असेल, सोसायटीच्या फाटकाशी पोट घासणारा ब्रेकर असेल, किंवा घरातल्या गुडघे धरलेल्या माणसाला खाली वाकून बसणं नको असेल, तर हॉट हॅचचा हट्ट धरू नये. मात्र उंचीची किंमत वळणावर चुकवावी लागते. समजा हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटीमीटरवर आहे आणि एसयूव्हीचा ६५वर. वजन सारखं धरलं तरी त्याच वळणावर एसयूव्हीला कलंडवू पाहणारा जोर सव्वापट होतो. तो आवरायला जाड अँटी-रोल बार लावतात. हा बार डाव्या आणि उजव्या चाकाला जोडतो, म्हणून एका बाजूच्या खड्ड्याचा झटका दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि आतल्यांची डोकी डावी-उजवीकडे हेलपाटतात. बार लावला नाही तर गाडी घाटात झुलते आणि मागे बसलेल्यांना गाडी लागते. बुटक्या गाडीला हा जाच मुळातच कमी. म्हणजे खोल खड्ड्यात एसयूव्ही जिंकते, आणि लांबच्या वळणावळणाच्या प्रवासात बरेचदा चांगली हॅचबॅक. आपला रोजचा रस्ता ह्यातला कोणता, हे ज्याचं त्याने पाहावं.

निवड करताना माझं मत असं. टायरच्या भिंतीची उंची आधी बघा, अश्वशक्ती नंतर. १०० मिलिमीटरच्या खालची भिंत आपल्याकडे शौक आहे. छोट्या रिमचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्या. टेस्ट ड्राइव्हला शोरूमसमोरचा सिमेंटचा रस्ता नको, आपल्या घराजवळचा खराब रस्ता मागा. ताशी २० आणि ताशी ६० अशा दोन्ही वेगांनी त्यावरून जा, कारण मंद वेगात खडखडणारी गाडी वेगात सावरू शकते आणि उलटही घडतं. मागच्या सीटवर घरातली दोन माणसं बसवा आणि स्वतःही एकदा मागे बसा. निघण्याआधी टायरमधली हवा तपासायला सांगा. गोदामात उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर चपटे पडू नयेत म्हणून त्यांत बऱ्याचदा जास्त हवा भरलेली असते, आणि तशीच गाडी टेस्ट ड्राइव्हला मिळाली तर ती नाहक कडक वाटेल. योग्य आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराशी खांबावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तेवढी हवा करून घ्या आणि मगच चावी हातात घ्या.